टण्ण वाजणारा वस्तरा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आरसे फक्त राजवाड्यात असत. आपला चेहरा कसा आहे, हे साध्या माणसाला दुसऱ्याने सांगितल्यावरच कळायचं. आणि दुसरा सांगायचा ते त्याला खरं मानून चालावं लागायचं.

अशा त्या काळात नदीकाठच्या एका गावात एक न्हावी राहत होता. हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. सकाळ झाली की तो आपली धोकटी घेऊन चिंचेखाली बसायचा. धोकटीत वस्तरा, धार लावायची पथरी, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची पितळी वाटी.

त्याच्या दाढी करण्याला एक थाट होता. सुरुवातीला तो आपल्याच डोक्यावरचा एक केस उपटायचा आणि वस्तऱ्याच्या पात्याला मधोमध टेकवायचा. केसाचे दोन तुकडे व्हायचे आणि बघणारे माना डोलवायचे. दाढी संपली की तो वस्तऱ्याचं टोक वाटीच्या काठावर आपटून पाणी झटकायचा. टण्ण.

त्या टण्णवर गावाचा भारी जीव होता. नदीवर म्हशी धुणारा माणूस तो आवाज ऐकून म्हणायचा, "चला, एकजण उठला. आता आपली पाळी." तान्ही पोरं रडायची थांबायची. परगावी गेलेल्या लेकी माहेरी आल्या की म्हणायच्या, टण्ण ऐकला आणि घरी आल्यासारखं वाटलं.

सगळं कसं छान होतं. फक्त दाढी दुखायची.

गालावर ठीक चालायचं, पण वस्तरा नाकाखाली नाहीतर हनुवटीच्या खळीत गेला की माणूस सापाने चावल्यासारखा उडायचा. मग न्हावी वस्तरा उचलून, मान तिरकी करून त्या माणसाचा चेहरा निरखायचा आणि हळहळायचा.

"पाटील, तुमची हनुवटी खडकाळ. कुणाचाच वस्तरा चालायचा नाही हिच्यावर."

तेल्याला तो सांगे, तुझी कातडी तेलाने पातळ झाली आहे. गुरवाला सांगे, देवळातल्या धुराने तुझ्या मिशीची मुळं करपली आहेत. एकाही माणसाला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही, प्रत्येकाच्या गालाला वेगळा दोष शोधून दिला. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अख्ख्या गावाची अंगणं वाकडी निघाली.

लोकांनी मनावर घेतलं. कोणी हळद लावली, कोणी साय. पाटलांनी तर रोज वाडगाभर दही हनुवटीला चोळायला सुरुवात केली. त्यांचं बघून बाकीचेही चोळू लागले. गावात कढी मिळेनाशी झाली आणि बायका वैतागल्या.

आता तुम्ही म्हणाल, हा न्हावी लबाड होता. नव्हता हो. त्याला खरोखरच तसं वाटायचं. त्याच्या घराण्याचा नियम होता की न्हाव्याने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. म्हणून तो बाजाराच्या दिवशी नदीपलीकडे चुलतभावाकडे जाऊन बसायचा. भावाचा हात आणि भावाचा वस्तरा लोण्यातून फिरल्यासारखा फिरायचा. न्हावी आपले गुळगुळीत गाल कुरवाळत परत यायचा आणि म्हणायचा, "गाल असावेत तर असे." त्याच्या वस्तऱ्याची आणि त्याच्या गालाची कधी गाठच पडली नव्हती.

त्याच गावात एक सनईवाला होता. न्हाव्याचा लहानपणचा सोबती. त्याच्या सनईशिवाय गावात लग्न लागत नसे, बारसं होत नसे. गाल फुगवून तो असा सूर धरायचा की चुलीपुढे बसलेली म्हातारीसुद्धा फुंकणी खाली ठेवायची.

गावात एक रीत होती. बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी बापाने नुकती दाढी केलेला आपला गाल बाळाच्या गालाला टेकवायचा. या रीतीला गालभेट म्हणत. बापाचा गाल बाळाला मऊ लागावा, एवढाच तिचा अर्थ. मात्र गालावर रक्ताचा थेंब असेल तर गालभेट दुसऱ्या कुणीतरी करायची.

सनईवाल्याला पहिला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या सकाळीच न्हाव्याच्या वस्तऱ्याने बापाची हनुवटी कापली. रक्त काही केल्या थांबेना. शेवटी गालभेट मुलाच्या मामाने केली. सनईवाला हसला, सनईही वाजवली, पण त्या दिवसापासून त्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं. मुलगा मोठा होऊ लागला, आणि झोप आली की अजून मामाच्याच खांद्याकडे हात करायचा.

पुढे सनईवाल्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेले तेव्हा तो चिंचेखाली आला.

"गड्या, या वेळी गालभेट मला करायची आहे. काहीतरी उपाय सांग."

न्हाव्याने त्याचे दोन्ही गाल चिमटीत धरून ओढून पाहिले.

"फुंकून फुंकून गालांच्या पिशव्या झाल्यात तुझ्या. वस्तरा टेकणार कुठे? सनई ठेवून दे. कातडी घट्ट झाली तर बघू."

सनईवाल्याने घरी जाऊन सनई बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि खुंटीला टांगली. दाढीही वाढू दिली. त्या साली गावातली लग्नं नुसत्या ताशावर लागली. नवऱ्या मुली सासरी निघाल्या तेव्हा त्यांना रडायलासुद्धा नीट सूर मिळाला नाही.

यथावकाश सनईवाल्याला मुलगी झाली. तो तिच्याजवळ तोंड न्यायचा, दाढीचे केस टोचायचे आणि ती इवलंसं तोंड वाकडं करायची. मग तो दूर बसून तिच्याकडे बघत राहायचा.

बारसं दोन-चार दिवसांवर आलं होतं, तेव्हा गावात मणी विकणारी एक म्हातारी आली. चिंचेच्या दुसऱ्या बाजूला तिने आपलं फडकं पसरलं. तिच्याकडे तांब्याच्या दांडीचं एक भिंग होतं. प्रत्येक मणी ती भिंगाखाली फिरवून बघायची आणि चिरलेला दिसला की बाजूला टाकायची. हात मण्यांवर असला तरी तिचं लक्ष मात्र न्हाव्याकडे होतं. एक माणूस 'स्स' करत उठला, दुसरा 'आई गं' करत उठला, तेव्हा तिला राहवेना.

"काय रे बाबा, या गावात दाढी करतात का माणूस सोलतात?"

"आजी, मी काय करणार? गालच तसे आहेत यांचे."

"कुणाचे?"

"सगळ्यांचेच."

"आणि तुझे?"

न्हाव्याने गाल पुढे केले. "माझे बघा ना. रेशीम."

"अरे वा. सगळं गाव खडक आणि तू एकटाच रेशीम," म्हातारी म्हणाली. "लेका, मीही धंदा करते. माझा मणी फुटला तर मी गिऱ्हाइकाच्या मानेला नावं ठेवत नाही. आधी मणी भिंगाखाली धरते. आण तो वस्तरा इकडे."

न्हाव्याला राग आला. त्याने डोक्यावरचा केस उपटला, पात्याला टेकवला आणि दोन तुकडे तिच्यापुढे धरले. "ही धार कमी आहे होय?"

"मधोमध आहे. टोकाला लावून दाखव."

"माझ्या बापाने मला मधोमधच लावायला शिकवलं."

एव्हाना न्हाव्याची बायको भाकरी घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं, भाकरी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

"आणा इकडं. गावातलं दही संपलंय, आता लोक गालाला पीठ लावायला लागतील." तिने म्हातारीचं भिंग पात्यावर धरलं आणि टोकापर्यंत नेलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, ही करवत कुणाची?"

न्हाव्याने भिंगातून पाहिलं. पात्याच्या मध्यावर धार सरळ होती, ताणलेल्या दोऱ्यासारखी. पण टोकाकडे तिला दाते पडले होते. एक तुटलेला, एक वाकडा, एक खोल.

"भिंग खोटं दाखवतंय," तो म्हणाला.

"मग दुसरं काही बघ," म्हातारी म्हणाली.

त्याने एक मणी पाहिला. मण्यासारखा मणी, फक्त मोठा. आपलं नख पाहिलं. नखासारखं नख. पुन्हा वस्तरा पाहिला, आणि दाते जिथल्या तिथे होते. भिंग मण्याशी खरं, नखाशी खरं, मग वस्तऱ्याशीच खोटं कशाला बोलेल?

 न्हाव्याने पथरी पुढे ओढली. इतकी वर्षं मधलाच भाग घासून पथरीला मध्ये खळगा पडला होता, आणि वस्तऱ्याचं टोक तिच्यावर नीट बसतच नव्हतं. त्याने पथरीची सपाट कड शोधली, पाणी टाकलं आणि टोक हलक्या हाताने घासलं. भिंगातून पाहिलं. पुन्हा घासलं, पुन्हा पाहिलं. खोल दाता उथळ झाला, मग नाहीसा झाला. शेवटी पट्ट्यावर फिरवून भिंगाखाली धरलं, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धारेची एकच रेघ.

पाटील दह्याची हनुवटी पुसत येऊन बसले. वस्तरा नाकाखालून गेला, हनुवटीच्या खळीत शिरला, बाहेर आला. पाटील डोळे घट्ट मिटून वाट बघत होते.

"कर की सुरू," ते म्हणाले.

"झाली, पाटील."

आणि सवयीने न्हाव्याचा हात उचलला गेला. टण्ण.

म्हातारीने भिंग पुढे केलं. न्हाव्याने पाहिलं. टोकाला दोन नवे दाते पडले होते. ज्या आवाजावर गावाचा जीव होता, तोच आवाज गावाचे गाल कापत होता.

पाटील इकडे हनुवटीवरून हात फिरवत होते. त्यांचा चेहरा उजळला. "दह्याला गुण आला रे," ते ओरडले. "मी म्हणत नव्हतो?"

न्हावी वाटी पुसत म्हणाला, "आला असेल."

पुढच्या दोन दिवसांत त्याने टण्ण बंद केला आणि प्रत्येक दाढीआधी भिंगातून धार पाहिली. गावाचे गाल मऊ झाले. तेली म्हणाला हळदीने, गुरव म्हणाला सायीने. न्हाव्याला कोणी काही विचारलं नाही आणि न्हाव्याने कोणाला काही सांगितलं नाही. चूकही सुधारली आणि नावही राखलं. असं सुख कुणाला नको?

बायको म्हणाली, "लोकांचं जाऊ द्या. सनईवाल्याला खरं सांगणार ना?"

"बारशाला जाऊन त्याची अशी दाढी करतो की बस. सांगायचं काय त्यात?"

बारशाची सकाळ उजाडली. सनईवाल्याच्या अंगणात सारं गाव जमलं. मणी विकणारी म्हातारीही घुगऱ्यांच्या आशेने येऊन बसली. न्हाव्याने सनईवाल्याला पाटावर बसवलं, वाढलेली दाढी कात्रीने उतरवली आणि पाणी लावलं. गाल चिमटीत धरून तो मोठ्याने म्हणाला, "घट्ट झाले की रे. सनई सोडल्याचा गुण आला."

सनईवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बसल्या जागेवरून बायकोला म्हणाला, "ऐकलंस? खुंटीवरची सनई काढ आणि नदीत सोडून ये. घरात राहिली तर मला मोह होईल, आणि माझे गाल पुन्हा सुटतील. पोरीचा गाल मला रोज हवा आहे."

 त्याच्या बायकोने लुगड्याची गुंडाळी उराशी धरली आणि ती रडत नदीच्या वाटेला लागली. न्हाव्याची बायको आपल्या नवऱ्याकडे बघत होती. 

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. त्याला वाटलं होतं, गप्प राहिलं तर कुणाचंच काही जात नाही.

"वहिनी, मागे फिरा," तो म्हणाला. "सनईचा काही दोष नाही. याच्या गालांचाही नाही. कुणाच्याच गालांचा नव्हता. माझ्या वस्तऱ्याला टोकाशी दाते होते, आणि ते मीच पाडत होतो, रोज तुम्हाला टण्ण ऐकवून. दोन दिवस झाले मला कळून. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

मग आपल्या घराण्यात कोणी केलं नव्हतं ते त्याने केलं. भिंगातून धार पाहिली आणि सगळ्यांसमोर वस्तरा आधी स्वतःच्या गालावरून फिरवला, नाकाखालून, हनुवटीवरून. "इतकी वर्षं हे मी करायला हवं होतं," तो म्हणाला.

पाटलांचा हात हनुवटीकडे गेला. "म्हणजे दही?"

"दही खायचं असतं, पाटील."

पहिल्यांदा पाटलीणबाई हसल्या. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. "वर्षभर कढीवाचून ठेवलं हो या माणसाने मला." मग तेली हसला, गुरव हसला आणि अंगणभर हसू पसरलं. तेल्याने आधी न्हाव्याला दोन शिव्या दिल्या, हे मात्र खरं. त्या त्याने निमूटपणे घेतल्या.

सनईवाला हसत नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे माझे गाल बरे होते?"

"गड्या, सगळ्या गावात चांगले. आता फुगव बघू, सनईला फुगवतोस तसे."

सनईवाल्याने गाल फुगवले. कातडी ताणली गेली, वस्तरा त्यावरून असा सरकला की आवाजसुद्धा झाला नाही. इतकी वर्षं ज्या फुगण्याला न्हावी नावं ठेवत होता, त्यानेच काम सोपं केलं.

दाढी संपली. न्हाव्याचा हात सवयीने वाटीकडे निघाला आणि सगळ्या अंगणाने श्वास रोखला. हात मध्येच थांबला. त्याने वस्तरा पुसून फडक्यावर ठेवला. पण काहीतरी राहिल्यासारखं सगळ्यांनाच वाटत होतं. तेव्हा त्याने म्हातारीचं भिंग उचललं आणि त्याची तांब्याची दांडी वाटीवर वाजवली.

टण्ण.

सनईवाल्याने लेकीला उचललं आणि आपला गाल तिच्या गालाला टेकवला. तिने तोंड वाकडं केलं नाही. डोळे मिटले, एक सुस्कारा सोडला आणि त्याचा कान मुठीत धरला. तो तसाच उभा राहिला, हलेचना.

मागून त्याचं धोतर कोणीतरी ओढलं. त्याचा मुलगा होता.

"बाबा, माझी राहिली होती ना?"

सनईवाला खाली बसला आणि दुसरा गाल त्याने मुलाला दिला. ते बघून मामाने डोळे पुसले. 

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, मंजुळा. मग लुगड्यातून सनई निघाली आणि सनईवाल्याने गाल फुगवले. इतके महिने अडलेला सूर अंगणातून बाहेर पडला तो थेट नदीपलीकडे गेला. त्या साली सासरी गेलेल्या मुली दसऱ्याला माहेरी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी तो सूर पुन्हा वाजवावा लागला, आणि त्या पोटभर रडल्या.

म्हातारी निघाली तेव्हा न्हावी तिला भिंग परत द्यायला धावला. तिने दांडी निरखून पाहिली.

"वाजवताना वाकवलीस की रे. ठेव तुझ्याकडेच. माझ्याकडे दुसरं आहे."

न्हाव्याच्या बायकोने तिला दह्याचं मडकं दिलं. गावात आता दही रगड झालं होतं.

तेव्हापासून त्या गावात टण्ण दाढी संपल्यावर नाही, दाढीआधी वाजू लागला. न्हावी भिंगातून धार बघायचा, स्वतःच्या गालावर वस्तरा टेकवायचा आणि मग दांडी वाटीवर वाजवायचा. आवाज आला की लोक समजत, धार पाहून झाली, आता निश्चिंत बसावं. कधी एखादा 'स्स' म्हणालाच तर न्हावी पुन्हा भिंग उचले. एखाद्या वेळी धार स्वच्छ असे आणि गालावर खरोखरच पुटकुळी असे. मग तो तसं सांगे, आणि लोकांना ते पटे. दही मात्र त्या गावात पुन्हा कुणी गालाला लावलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या गालाला नावं ठेवण्याआधी आपल्या वस्तऱ्याची धार नीट निरखावी, आणि चूक दिसली तर ती नुसती सुधारू नये, तोंडाने कबूलही करावी.